छपरावरचा झरोका बदलताना

(गोंदिया जिल्ह्यात झालेल्या एका जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तसा लहान आहे. छपरातून गरम हवा आणि धूर बाहेर जावा म्हणून वर एक झरोका बसवलेला असतो. तो जुना झाला, गळायला लागला किंवा अपुरा वाटायला लागला तर काय करायचं, एवढंच बोलायचं आहे. आम्ही तिघं जण. दोघं पत्रा बसवतो, एक जण गवंडी. गोंदिया, गोरेगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागात घरांची, गोठ्यांची आणि काही धानाच्या गिरण्यांची छपरं आम्ही केली आहेत. बोलणारा एकच असला तरी सांगणं तिघांचं आहे, आणि चुकाही तिघांच्याच.

सुरुवातीला हात वर करा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांचं घर कवेलूचं होतं आणि आज टिनाचं आहे, असे किती जण आहेत? बघा, अर्ध्याच्या वर हात गेले.

कवेलूच्या घराला झरोका लागत नव्हता, हे आधी लक्षात घ्या. हाताने केलेलं नळीचं कवेलू एकावर एक रचलं की प्रत्येक जोडात थोडी फट राहायची. सकाळी चूल पेटली की गावावर धूर दिसायचा तो धुराड्यातून नव्हे, सगळ्या छपरातूनच झिरपत यायचा. म्हणजे अख्खं छप्पर हाच झरोका होता. शिवाय भाजलेली माती टिनासारखी चटकन तापत नाही. मग लोकांनी ते का सोडलं? वानरांमुळे, हे पहिलं कारण. टोळी एकदा घरावरून उड्या मारत गेली की पन्नास कवेलू फुटलेच. दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, त्याला माणूस मिळेना. कवेलू करणारेही कमी झाले. म्हणून टिन आलं. टिन लावणाऱ्याला आम्ही नावं ठेवत नाही, आमचं तर पोट त्याच्यावर आहे. पण टिन लावताना आपण छपराचा श्वास बंद केला आणि त्याच्या बदल्यात एक फूटभर भोक ठेवलं. तेही सगळ्यांनी नाही.

आता एक घर सांगतो. नाव-गाव सांगत नाही, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं आहे. वैशाखात बोलावणं आलं. घरात एक आजी, मुलगा, सून आणि चार-पाच महिन्यांचं बाळ. मागची खोली दहा बाय बाराची, वर टिन, आढ्याजवळ बारा इंची चक्री. चक्री म्हणजे वाऱ्यावर फिरणारा, पात्यांचा गोल झरोका. गिरण्यांवर चोवीस इंची दिसतात तेच, फक्त लहान. आजींचं म्हणणं, "भाऊ, हे लहान पडते जी. रात्री जीव घाबरते. गिरणीवर आहे तसा मोठा बसवून द्या." मुलाने पैसेही बाजूला काढून ठेवले होते.

आम्ही वर चढलो, चक्रीची टोपी काढली, तर गळ्यात बारदाना कोंबलेला. चक्री वर मजेत फिरत होती आणि खाली बोळा! विचारलं, तर कळलं की हिवाळ्यात सून बाळंत होऊन घरी आली तेव्हा थंडी येते म्हणून तो घातला होता. विदर्भातलं सगळ्यात कमी तापमान पुष्कळदा गोंदियाचंच असतं, तुम्हाला सांगायला नको. मग एका रात्री त्या खोलीत खाटेखाली शेगडी ठेवली, दार लावलं, खिडकीला चादर. पहाटे सुनेचं डोकं फुटायला आलं, उलट्या झाल्या, बाळ उठवता उठेना. आजींना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी दोघांना उचलून ओसरीत आणलं. मोकळ्या हवेत तासाभराने दोघंही सावरली. घरच्यांच्या मते ती बाहेरची बाधा होती. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोळसा कोंडलेल्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस झोपेतच जातो. मायलेकरं वाचली ती आजींमुळे.

बारदाना काढला. आता चक्री मोकळी झाली, म्हणजे काम झालं? आम्हालाही तसंच वाटलं असतं, पण तोवर एक सवय लागली होती, ती कामाला आली. उदबत्तीची परीक्षा. दार-खिडकी रात्री असते तशी लावून घ्यायची, उदबत्ती पेटवून झरोक्याखाली काठीला बांधून धरायची आणि धूर बघायचा. धूर तिथेच घुटमळत होता. मग दार वीतभर उघडलं. लगेच धूर सरळ होऊन वर खेचला गेला. दार लावलं, पुन्हा घुटमळला. आजींना तीन वेळा करून दाखवलं. चौथ्या वेळी त्यांनी स्वतःच दार उघडून पाहिलं.

हे असं का होतं, ते नीट समजून घेऊ, कारण सगळा विषय इथेच आहे. आपण म्हणतो गरम हवा वर जाते. ती आपली आपण उठून जात नाही. बाहेरची थंड हवा जड असते. ती खालून आत शिरते आणि हलक्या हवेला वर ढकलते. खालून शिरायला वाट नसेल तर वरची हवा जाणार कशी? डब्याच्या झाकणाला एकच भोक पाडून तेल ओतून बघा. गुटगुट करत थांबत थांबत येतं. दुसरं भोक पाडलं की धार लागते. तसंच आहे हे.

आता हिशेब. बारा इंची गोल झरोक्याचं तोंड ११३ चौरस इंच. त्या खोलीच्या दाराखाली तीस इंच लांब, इंचभर उंच फट होती, म्हणजे ३० चौरस इंच. रात्री हवा आत यायची तेवढीच वाट. आजींच्या म्हणण्याप्रमाणे वर चोवीस इंची बसवला असता तर तोंड ४५२ चौरस इंच झालं असतं, चौपट. हवा किती वाढली असती? शेकडा तीन. चौपट मोठा झरोका, आणि शंभराच्या जागी एकशे तीन! कारण चिंचोळी वाट खालची आहे, तीच सगळ्याचा भाव ठरवते. त्याऐवजी वरचा झरोका आहे तोच ठेवून खाली भिंतीत नऊ बाय बाराच्या दोन जाळ्या बसवल्या तर? जाळीच्या तारा निम्मी जागा खातात असं धरलं तरी खालची वाट १३८ चौरस इंच होते आणि हवा तिप्पट. रात्री आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा पाच अंशांनी जास्त धरलं, तर आधी त्या खोलीतली हवा तासाभरात जेमतेम एकदा बदलत होती, ती तीन-साडेतीन वेळा बदलेल. हे गणिताचे आकडे आहेत, प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होतं. पण एकाच्या जागी तीन हा फरक झोपलेल्या माणसाला कळतो.

त्या घरी आम्ही मोठा झरोका बसवला नाही. बारा इंचीच ठेवला. गवंड्याने खाली दोन जाळ्या पाडल्या. बाजूला काढलेल्या पैशांतले बरेचसे उरले. धंदा म्हणून हे शहाणपणाचं नाही, पण चालायचंच.

खालच्या जाळीला लोक नाही म्हणतात, त्याला कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. साप, विंचू, उंदीर, मच्छर, शिवाय आडोसा. म्हणून जाळी जमिनीपासून फूट-दीड फूट वर घ्यायची, बाहेरून जाड तारेची आणि आतून मच्छरदाणीची. बाहेरच्या अंगाला विटेचा उतार काढायचा म्हणजे पावसाचे शिंतोडे आत येत नाहीत. दिशा शक्यतो उत्तरेची किंवा सावलीची, झाडाखालची असली तर फारच उत्तम. आणि जाळी झरोक्याच्या अगदी खालच्या भिंतीत नको. समोरच्या भिंतीत असली की हवा खाटेवरून जाते. मच्छरदाणीची जाळी धुळीने भरते, ती महिन्यातून एकदा झटकायची. न झटकलेली जाळी म्हणजे बारदानाच.

आता झरोक्याने काय होत नाही तेही सांगतो, नाहीतर उद्या आम्हालाच धराल. मे महिन्याच्या दुपारी टिन साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतं. ते वरून तव्यासारखं शेकतं. तो शेक हवेतून येत नाही, सरळ अंगावर येतो. झरोका कितीही चांगला असला तरी तो शेक थांबवत नाही. बाहेर पंचेचाळीस असेल तर खालून येणारी हवाही पंचेचाळीसचीच. दुपारसाठी टिनाला वरून चुन्याचा नाहीतर पांढऱ्या रंगाचा हात द्या, खालून छत करा, वर मांडव करून वेल चढवा. कोणी टिनावर तणस टाकतात. थंडावा येतो, पण आगीला भ्या, आणि पावसाआधी ते काढा, नाहीतर टिन सडतं. झरोक्याचं खरं काम रात्रीचं. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उष्णता सोडतात, बाहेर हवा उतरलेली असते, तेव्हा तो घर निववतो. आणि धुराचं काम बाराही महिने.

एवढं सगळं बघून झाल्यावरही झरोका बदलायचाच असेल, म्हणजे गळा गंजलाय, पाती वाकलीत, बेअरिंग जाम झालंय किंवा आहे तो खरोखरच लहान आहे, तर मग कामाकडे वळू.

जागा आधी. झरोका आढ्याच्या जितका जवळ तितका चांगला. एक कारण हवेचं. वरची आणि खालची वाट यांच्यात उंची जास्त तर ओढ जास्त. मात्र उंची चौपट केली तर हवा दुप्पट होते, चौपट नाही. दुसरं कारण पाण्याचं, आणि आपल्याकडे ते मोठं. वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. झरोक्याचा गळा उतारावर धरणासारखा उभा असतो. समजा गळा दोन फूट रुंद आहे आणि त्याच्या वर दहा फूट उतार आहे. तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर नव्वदेक लिटर पाणी त्या गळ्याच्या पाठीवर येऊन आपटणार. तोच झरोका आढ्यापासून फूटभर खाली असला तर नऊ लिटर. जुना झरोका उताराच्या मधोमध असेल तर तिथेच मोठा बसवायच्या भानगडीत पडू नका. तो पत्रा अख्खा बदला आणि नवा झरोका वर न्या.

मोजमाप करताना बाजारातून नुसती चक्री आणू नका, तिचा तळपत्राही आणा. तळपत्र्याची नाली तुमच्या छपराच्या नालीशी जुळली पाहिजे. टिनाची गोल नाली पंचाहत्तर मिलिमीटरची असते, सिमेंटच्या पत्र्याची १४६ची, आणि रंगीत पत्र्यात तर प्रत्येक कंपनीची वेगळी. साधी युक्ती आहे. पुठ्ठा पत्र्यावर आडवा उभा धरा, पेन्सिलीने नाली आखा, कापा आणि तो पुठ्ठा घेऊन दुकानात जा.

भोक कापताना खालची बल्ली किंवा लोखंडी पर्लिन कापायची नाही, कितीही अडचण होवो. बारा इंचीच्या जागी चोवीस इंची घ्यायला गेलं की ती आडवी येतेच. मग भोक सरकवा. आणि पत्रा शक्यतो कात्रीने कापा. ग्राइंडरची ठिणगी जिथे पडते तिथली जस्ताची कल्हई जळते, महिनाभरात तिथे गंजाचे ठिपके. ग्राइंडर वापरलाच तर कीस झाडून खाली काढा.

आता आमची चूक. सुरुवातीच्या काळातलं काम, आमगावकडचं. झरोका नवा, पत्रा नवा, आम्हीही नवे. तळपत्रा चारही बाजूंनी छपराच्या वर ठेवला, स्क्रू नालीच्या खोलगट भागात मारले कारण तिथे मारायला सोपं जातं, आणि भोवती सिलिकॉनची जाड रेघ ओढली. दिसायला झकास. आषाढात मालकाचा निरोप आला. वरून आलेलं पाणी तळपत्र्याच्या वरच्या कडेखालून आत शिरलं होतं, स्क्रूच्या भोकांतून ठिबकत होतं आणि खाली धानाच्या बियाण्याच्या थैल्या होत्या. बियाणं तिथेच उगवलं. नुकसान आम्ही भरून दिलं, पण पेरणीची वेळ काही भरून देता आली नाही.

मंडळी, कवेलू रचणाऱ्या म्हाताऱ्याने ही चूक कधी केली नसती. त्याला ठाऊक होतं की वरचं कवेलू नेहमी खालच्याच्या अंगावर यायला हवं. तळपत्र्याचंही तेच. त्याची वरची कड वरच्या पत्र्याच्या किंवा आढ्याच्या टोपीच्या खाली सरकवायची, आणि खालची कड खालच्या पत्र्याच्या वर आणायची. वरचा चढाव नऊ इंचांपेक्षा कमी नको. बाजूला किमान दोन नाल्या एकमेकींवर. मग पाणी आपल्या वाटेने वरून वर निघून जातं, आणि सिलिकॉन नसलं तरी बहुतेक गळत नाही. सिलिकॉन ही शेवटची पाचर आहे, पाया नव्हे. ज्या कामात सिलिकॉन जास्त दिसतं, तिथे आधी काहीतरी चुकलं असं समजा.

स्क्रू मारायचे नालीच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसकट. रबर नुसतं चेपलं पाहिजे, चपटं होऊन बाहेर फुगलं म्हणजे जास्त आवळलं. ते दोन उन्हाळ्यांत चिरतं. दोन पत्र्यांच्या मध्ये ब्यूटाइलची चिकट पट्टी घाला. ती वाळून कडक होत नाही, उन्हाळ्यात पत्रा ताणला-आखडला तरी धरून राहते. वरून सिलिकॉन लावायचंच असेल तर वास घेऊन बघा. ज्याला लोणच्यासारखा आंबूस वास येतो ते जस्ताच्या कल्हईला खातं, ते काचेच्या कामाला ठीक. टिनासाठी बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं मागून घ्या.

जिवाच्या दोन गोष्टी, मग पुढे जातो. पहिली, जुना सिमेंटचा पत्रा. त्यात अॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही, आणि आजार निघतो तो वीस-तीस वर्षांनी. त्याला ग्राइंडर लावायचा नाही, फोडायचा नाही. ओला करून हुक सोडवायचे, अख्खा पत्रा उतरवायचा आणि त्या जागी झरोक्याचा तयार पत्रा चढवायचा. दुसरी, त्याच पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. वरून तो भक्कम दिसतो आणि पायाखाली बिस्किटासारखा तुटतो. फळी दोन पर्लिनांवर आडवी टाकून तिच्यावरूनच चालायचं, कमरेला दोर. आम्ही उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर वर थांबत नाही. मालकाला घाई असली तरी.

गिरणीबद्दल थोडं. जिल्ह्यात गिरण्यांची काही कमी नाही, आणि त्यांच्यावरच्या चक्र्या तुम्ही रोज बघता. तिथे उंची भरपूर, म्हणून ओढही चांगली. पण कोंड्याची बारीक धूळ बेअरिंगमध्ये बसते, वरून दमटपणा लागला की तिचा लगदा होतो आणि चक्री थांबते. उकड्या तांदळाच्या गिरणीत तर वाफ टिनाला लागून थेंब थेंब खाली येते. मालक म्हणतो छप्पर गळतं, आणि छप्पर कोरडं ठणठणीत असतं. तिथेही आम्ही आधी खाली बघतो. चोरीच्या भीतीने खालच्या खिडक्यांसमोर थैल्यांची थप्पी रचलेली असते. थप्पी हातभर मागे घेतली की निम्मं काम होतं. कामाच्या जागी मोकळी हवा आणि सोसवेल असं तापमान असावं हे १९४८च्या कारखाना कायद्यातच होतं, कलम १३. हमालाला ते कलम माहीत नसतं, पण थप्पीमागे श्वास कोंडतो ते माहीत असतं. गिरणीसाठी बदली चक्री घेताना बंद बेअरिंगची घ्या आणि हंगाम संपला की फुंकून साफ करा. चक्री फिरते म्हणजे हवा निघतेच असं मात्र समजू नका. ती बाहेरच्या वाऱ्यावरही फिरते. त्या घरचा बारदाना आठवा.

मध्यंतरी आमच्याकडे एक निराळंच काम आलं, ते सांगण्यासारखं आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. नवेगावबांधला आलेल्या एका पाहुण्याची अशी मागे जोडायची गाडी होती. छप्पर वर उचललं की खाली कापडाच्या भिंती ताठ होतात, मिटवलं की पेटीसारखी बसते. टपावरच्या झरोक्याचं प्लास्टिकचं झाकण उन्हाने तडकलं होतं. आम्हाला वाटलं चुटकीचं काम. पण टप म्हणजे वर-खाली पातळ पत्रा आणि मध्ये फोम आणि लाकडी पट्ट्या. जुनं सील काढलं आणि कडेच्या लाकडात पेचकस टेकवला तर तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला. पाणी कितीतरी दिवस आत मुरत होतं. नवा झरोका त्याच लाकडात आवळला असता तर पहिल्या खड्ड्यात निघाला असता. सडका भाग कोरून काढला, दोन दिवस उन्हात वाळवलं, नव्या पट्ट्या चिकटवल्या, मग झरोका. या गाड्यांना बहुतेक चौदा इंची चौकोनी भोक असतं, त्यामुळे बदली माल मापात मिळतो. चौकटीखाली ब्यूटाइलची पट्टी, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत, वरून आपोआप पसरणारं सील.

पाहुण्यांना साध्या झरोक्याऐवजी बारा व्होल्टचा पंखा असलेला हवा होता. चांगली गोष्ट आहे, पण अशा छपराचं वजन उचलायच्या तारांवर आणि स्प्रिंगांवर येतं, म्हणून जड पंखा नको. आणि पंखा लावून चारही बाजूंची कापडं घट्ट बंद केली की तो नुसता गुरगुरतो, हवा काढत नाही. झोपायच्या अंगाचं एक कापड चार बोटं उघडं ठेवा, असं आम्ही सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, एवढंच? एवढंच. घर चालतं असो की उभं, हवेला दोन वाटा लागतात.

पंख्याचा एक धोका घरातही आहे. सौर पॅनेलवर चालणारे छपराचे पंखे आता मिळतात. ज्या घरात धुराड्याची चूल आहे तिथे खाली वाट न ठेवता असा पंखा लावला, तर तो हवा धुराड्यातून उलटी ओढतो आणि धूर वर जायच्या ऐवजी घरात येतो. पंखा लावायच्या दिवशीच चूल पेटवून, दार लावून, उदबत्ती घेऊन बघा. धुराड्याच्या तोंडाशी धूर आत वळला तर पंखा चालू करायचा नाही.

आता पुन्हा त्या आजींच्या घरी. थंडीचं काय, हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. जाळ्या पाडल्या, झरोका मोकळा केला, पण पौषात रात्री गार वारा आला की कोणीतरी पुन्हा बारदाना कोंबणारच. माणसाला थंडी वाजते तेव्हा तो व्याख्यान आठवत नाही. म्हणून गळ्याला आतून एक पत्र्याची झापड केली, दोरीने ओढून बंद करायची. आणि तिला एक रिव्हेट असा मारला की ती पूर्ण मिटतच नाही, दोन बोटं फट राहतेच. खालच्या एका जाळीलाही तशीच सरकती पाटी, तीही अर्धीच सरकते. मुलगा म्हणाला, हे नीट बसत नाही, बिघडलंय वाटते. त्याला म्हटलं, बिघडवलंय. शेगडी मात्र आम्ही त्या खोलीतून बाहेरच काढायला सांगितली. दोन बोटं फट शेगडीला पुरत नाही. खाट शेकायची तर ओसरीत, निखारे राख धरल्यावरसुद्धा आत नाहीत, कारण विझत आलेला कोळसाच जास्त विषारी हवा सोडतो.

आजींनी एक विचारलं, ते इथे सांगतो, कारण अजून कोणी विचारलं नाही. "वानर चक्रीला लटकलं तर?" लटकतं, आम्ही पाहिलंय. पाती वाकतात आणि चक्री खरखर वाजायला लागते. वानरांची वर्दळ असेल तर फिरती चक्री घेऊच नका. साधा उभा गळा, वर छत्रीसारखी टोपी, गळा आणि टोपी यांच्यात गळ्याच्या व्यासाच्या निम्मं अंतर, भोवती जाड जाळी. वारा नसलेल्या रात्री, आणि मेमध्ये तशा पुष्कळ असतात, तो जवळजवळ तेवढंच काम करतो. फिरत नाही म्हणून मोडत नाही.

आणि हे सगळं रोहिणी संपायच्या आत उरका. पहिला जोराचा पाऊस आला की घरात अंधार करून टॉर्च घेऊन झरोक्याखाली उभं राहा. स्क्रूंच्या रांगेवर उजेड आडवा मारा. ओल आली असेल तर पत्र्यावर चमकते. तेव्हा सापडली तर एका वॉशरचं काम. चला, आता प्रश्न घेऊ. ते मागचे दादा कधीचे हात वर करून बसलेत.